पगारे मॅडमच्या पेशी

पगारे मॅडमच्या पेशी माझ्या पेशींपेक्षा दिसायला चांगल्या होत्या. एवढं एक वाक्य मान्य करायला मला काही वर्षं लागली, आणि तेसुद्धा निवृत्त झाल्यावर, मॅडम नाशिक रोडला आणि मी गंगापूर रोडला, मध्ये अख्खं शहर असताना.

संपादकांनी सांगितलं, 'कॅन्सरवर विषाणू' या तुमच्या कामाबद्दल लिहा, पण सामान्य वाचकाला कळेल असं लिहा. आता विषाणूबद्दल मला जे ठाऊक आहे ते कॉलेजच्या पोरांना माझ्यापेक्षा जास्त येतं. ज्या गोष्टीचा मला खराखुरा, वर्षानुवर्षांचा, रोज सकाळी कंपनीच्या बसमध्ये चढल्यापासूनचा अनुभव आहे ती म्हणजे जळफळाट. तेव्हा दोन्ही एकत्रच लिहितो. तसेही माझ्याकडे ते कधी वेगळे नव्हते.

सातपूरच्या एमआयडीसीतली आमची कंपनी मुळात कोंबड्यांच्या लसी बनवायची. मी अंडी विभागात होतो. कोंबडीच्या रोगाचा विषाणू अंड्यात टोचायचा, अंडं उबेला ठेवायचं, दिव्यासमोर धरून आत पिल्लू हलतंय का बघायचं, मग ते फोडून आतलं पाणी काढून घ्यायचं. या कामात मी इतका मुरलो होतो की किराणा दुकानातही अंडी घेताना ती उन्हाकडे धरायचो. दुकानदार बायकोला म्हणाला होता, "वहिनी, अंडी आणायला तुम्हीच येत जा."

नव्वदचं दशक संपता संपता डॉ. कर्णिक अमेरिकेतून परत आले आणि मालकांना त्यांनी पटवलं की विषाणू वाढवायची आपल्याला सवय आहेच, तर कोंबड्यांवर का थांबायचं. वरच्या मजल्यावर नवी लॅब झाली. खालून मला वर नेलं, म्हणजे बढती. आणि पुण्याहून एम.एस्सी. करून आलेल्या वैशाली पगारे यांना बाहेरून घेतलं. दोघांना एकाच दिवशी, एकाच हुद्द्यावर. तिथूनच सुरुवात झाली.

काम काय ते सांगतो. निरोगी पेशीत एक जीन, म्हणजे जनुक, ब्रेकसारखा असतो. पेशी वेडीवाकडी वाढायला लागली की तो तिला थांबवतो, नाहीच ऐकलं तर मारून टाकतो. कॅन्सरच्या पुष्कळ गाठींमध्ये नेमका हा ब्रेक निकामी झालेला असतो. तेव्हा चांगला ब्रेक आत नेऊन बसवायचा. पण नेणार कोण? पेशीत शिरण्यात ज्याचा हातखंडा आहे तो, विषाणू. आम्ही साध्या सर्दी-पडशाचा विषाणू घ्यायचो, स्वतःची पिलावळ वाढवण्यासाठी त्याला लागणारा तुकडा कापून टाकायचो आणि त्या जागी आमचा ब्रेक बसवायचो. म्हणजे दार उघडण्याचं कसब त्याचं, सामान आमचं, आणि आत शिरल्यावर संसार थाटायला बंदी.

मग असा लंगडा केलेला विषाणू वाढवायचा कशात? तर एका खास जातीच्या पेशींत. तो कापलेला तुकडा त्यांच्यात आधीच घालून ठेवलेला असतो. या पेशी प्लास्टिकच्या चपट्या बाटलीच्या तळाशी गालिच्यासारख्या पसरतात, गुलाबी पाण्यात राहतात आणि भारी मानी असतात. बाटली जरा आपटली की रुसून सगळा गालिचा सुटतो आणि तरंगायला लागतो. त्यांना रविवारी खायला घालावं लागतं, दसऱ्याला घालावं लागतं. माझी बायको मंदा म्हणायची, "पोरं तापाने फणफणली तेव्हा रजा नाही मिळाली, आणि या बाटल्यांसाठी सुट्टीच्या दिवशी सातपूरला."

सटाण्याहून आई आली की तिलाही हे समजावून सांगण्याचा मी प्रयत्न करायचो. तिने एकदा सगळं नीट ऐकून घेतलं आणि तिच्या अहिराणीत विचारलं, "म्हंजे तू आजार पायस का रे भाऊ?" म्हणजे आजार पाळतोस का. मी म्हटलं, हो, तसंच काहीसं. तिने गावात तेच सांगितलं. त्यानंतर गावी मला कोणी नातवाला मांडीवर घ्यायला दिलं नाही.

तर या पेशींवर विषाणू टाकला की दोन दिवसांत त्या फुगतात, गोल होतात आणि घोळका करून बसतात. इंग्रजी पुस्तकात याचं वर्णन द्राक्षाच्या घडासारखं असंच केलं आहे. ते वाचून मला उगाच अभिमान वाटला होता, जणू लेखक आमच्या पिंपळगावच्या द्राक्षबागा बघून गेला असावा. मग त्या पेशी गोठवायच्या, वितळवायच्या, पुन्हा गोठवायच्या, म्हणजे फुटून आतला विषाणू बाहेर येतो. किती आला हे मोजायची रीत अशी, की तो खूप पातळ करून पेशींच्या दुसऱ्या एका गालिच्यावर टाकायचा आणि गालिच्याला किती भोकं पडली ते मोजायचं. एक भोक म्हणजे एक विषाणू. ज्याच्या गालिच्याला भोकं जास्त, त्याला लॅबमध्ये मान जास्त.

पगारे मॅडमच्या गालिच्याला माझ्या दहापट भोकं पडायची.

आम्ही दोघं एकच ब्रेक बसवत होतो, पण तो चालू करायचं बटण वेगळं होतं. माझं बटण माझ्या डोक्यातून आलेलं, त्यांचं त्यांच्या. डॉ. कर्णिकांनी सांगितलं होतं की वर्षाअखेर दोनपैकी एकच विषाणू मुंबईला जाईल, तिथे गाठी असलेल्या उंदरांवर त्याची परीक्षा होईल. जो भरपूर आणि भरवशाने वाढेल तो जाईल. दुसरा फ्रीजरमध्ये जाईल. फ्रीजरमध्ये गेलेला विषाणू मरत नाही, पण त्याचं नावही कोणी काढत नाही. आणि ज्याचा विषाणू जाईल तोच पुढे सगळ्या कामाचा प्रमुख, हे कोणी बोललं नव्हतं, पण चपराशालाही माहीत होतं.

मी शोध सुरू केला. मॅडमच्या पेशी इतक्या चांगल्या का? मी पाहिलं की त्या इन्क्युबेटरच्या वरच्या कप्प्यात बाटल्या ठेवतात. मी ज्येष्ठतेचं कारण देऊन वरचा कप्पा मागितला. त्यांनी लगेच दिला. खालच्या कप्प्यात त्यांच्या पेशी आणखी छान झाल्या. मी पाहिलं की त्या सकाळी लवकर काम करतात. मी त्यांच्या आधीची बस पकडायला लागलो. मग त्या दुपारी काम करायला लागल्या, आणि दुपारच्या पेशी सकाळच्या पेशींपेक्षा सरस. त्यांचे वडील प्रेसमध्ये, म्हणजे आमच्या नाशिकच्या भाषेत नोटा छापायच्या कारखान्यात होते. मी डबा खाताना म्हणायचो, "हुबेहूब नकला काढणं त्यांच्या घरातच आहे." मॅडम शांतपणे म्हणायच्या, "सर, वडील तिथे कटिंगला आहेत. कापायचं काम आहे ते." आणि पुन्हा डब्यात बघायच्या.

घरीही माझं तेच चालायचं. पगारे आज असं म्हणाल्या, पगारेंनी आज तसं केलं. मंदा एकदा पोळी लाटता लाटता म्हणाली, "या घरात माझ्यापेक्षा त्यांचं नाव जास्त वेळा घेतलं जातं. मला वाईट वाटत नाही, पण तुम्हाला एवढं प्रेम झेपेल का?" मी म्हटलं, "अगं, प्रेम कसलं, मी त्यांच्यावर जळतो." ती म्हणाली, "तेच म्हणतेय. माझ्यावर कधी जळला नाहीत."

त्यात एका स्थानिक पेपरने आमच्यावर बातमी छापली. फोटो कोणाचा, तर मॅडमचा. मी फोटोत होतो, पण माझा कोपर तेवढा आला. बातमी वाचून गेटवर माणसं यायला लागली. हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पिंपळगाव बसवंतहून एक कांद्याचे व्यापारी आले होते, हातात फाइल, सोबत मेहुणा. मी खाली गेलो. ते म्हणाले, "साहेब, त्या मॅडम कुठं हायेत? पेपरातल्या. मंडळीला लय त्रास हाय. त्यांचं औषध पाहिजे व्हतं."

मॅडम आल्या. त्यांनी व्यापाऱ्यांना बसवून, पाणी देऊन, सरळ सांगितलं की हे औषध नाही, अजून उंदरालासुद्धा दिलेलं नाही, तुम्ही चालू उपचार थांबवू नका. त्यांनी फाइल मिटून डोळे पुसले. आणि मला काय वाटलं सांगू? रडणारा माणूससुद्धा त्यांनाच विचारत आला, हे मला टोचलं. व्यापाऱ्यांना गेटपर्यंत सोडायला मी गेलो आणि म्हणालो, "तशी एवढी निराशा नको. वर्षभरात होईल काहीतरी." त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्या क्षणी मी पगारे मॅडमपेक्षा मोठा झालो होतो. वर्षभरात काहीही होणार नव्हतं, हे मला मॅडमइतकंच माहीत होतं. ते पुन्हा आले नाहीत. माझ्या फजितीच्या गोष्टी मी चवीने सांगतो, ही मात्र मंदालाही कधी सांगितलेली नाही.

आता फजितीकडे येतो.

लॅबमध्ये आमच्याकडे एक सरावाचा विषाणू होता. त्याच्यात ब्रेक नव्हता, एका समुद्री प्राण्यातून घेतलेला चमकणारा जीन होता. तो पेशीत शिरला की निळ्या प्रकाशाखाली पेशी हिरवीगार दिसते. नवख्यांनी हात बसवण्यासाठी तो वापरायचा. हा हिरवा म्हणजे अतिशय गुणी. भराभर वाढायचा, कोणाच्याही हातात वाढायचा. माझा ब्रेकवाला विषाणू जेव्हा जेव्हा रुसायचा तेव्हा मी मन रमवायला हिरवा वाढवायचो, आणि डार्करूममध्ये जाऊन बघत बसायचो. वाटायचं, हात वाईट नाही आपला.

एक दिवस हिरव्याचं पीक इतकं अप्रतिम आलं की माझ्या मनात आलं, ही माझ्या हाताची नाही, या गुलाबी पाण्याच्या बाटलीची करामत आहे. काही बाटल्या लाभतात. मी मार्करने त्या बाटलीवर 'श्री' लिहिलं. मी काही देवभोळा नाही, पण नव्या वहीवर, नव्या घड्याळाच्या डब्यावर आपण लिहितोच की. आणि ठरवलं, माझ्या ब्रेकवाल्या विषाणूलाही याच बाटलीतलं पाणी पाजायचं. आमच्याकडे नियम आहे की एका विषाणूची बाटली दुसऱ्याला वापरायची नाही. हा नियम मीच सगळ्यांना शिकवायचो. पण श्रीच्या बाटलीला नियम कसला.

तेव्हापासून चमत्कार झाला. पहिल्या खेपेला माझा विषाणू जरा बरा. दुसऱ्या खेपेला चांगला. तिसऱ्या खेपेला पेशी असे घड धरून बसल्या की थॉमसन सीडलेस द्राक्षांनी लाजावं. भोकं मोजली, तर मॅडमपेक्षा जास्त. पुन्हा मोजली. मी मॅडमनाच मोजायला बोलावलं, शास्त्रीय निःपक्षपातीपणा म्हणून. त्या मोजून म्हणाल्या, "हो सर. जास्त आहेत." त्यांचा चेहरा मी डोळे भरून पाहिला. त्यावर काहीच नव्हतं, याचं मला जरा वाईट वाटलं.

डॉ. कर्णिकांनी तपासण्या करायला सांगितल्या. आपला ब्रेक त्यात आहे का? होता. ही तपासणी फक्त आहे की नाही एवढंच सांगते, किती आहे ते सांगत नाही. कॅन्सरच्या पेशी मरतात का? मेल्या. मी उत्साहाने इतका विषाणू ओतला होता की त्या जागी साधं मीठ ओतलं असतं तरी मेल्या असत्या. निळ्या प्रकाशाखाली मात्र मी बघितलं नाही. ब्रेकवाल्याला रंग नसतो, आणि तो परदेशी दिवा महाग, उगाच कशाला जाळायचा.

साहेब म्हणाले, "देवरे, तुमचा विषाणू मुंबईला जाईल." मी सबंध मजल्याला पाववडा खाऊ घातला. मॅडमनी अर्धाच खाल्ला. मी म्हटलं, "मॅडम, मनाला लावून घेऊ नका. बटणाबटणात फरक असतो." आठवडाभर मी हे वाक्य वेगवेगळ्या प्रसंगी, वेगवेगळ्या सुरात म्हणत होतो. घरी मंदाला सांगितलं की आता मुंबईच्या वाऱ्या सुरू होतील. तिने नवीन बॅगही आणली.

मुंबईचा माणूस माल न्यायला येणार त्याच्या थोडे दिवस आधी मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. "सर, तुमचा थोडा द्याल? माझ्याशेजारी लावून बघते." मी उदारपणे दिला. वर म्हटलं, "आणि त्या श्रीच्या बाटलीतलं पाणीही घेऊन बघा, लाभेल." त्यांनी तेही नेलं.

दोन दिवसांनी दुपारी, डबे झाल्यावर, त्या म्हणाल्या, "देवरे सर, जरा डार्करूममध्ये येता?" मला वाटलं, चारचौघांत अभिनंदन करायला संकोच वाटत असेल.

आत अंधार. मशीनचा पंखा घुरघुरत होता. त्या म्हणाल्या, "बघा." मी डोळा लावला. सगळं हिरवं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, घडच्या घड, हिरवे. मी म्हटलं, "छान. हा हिरवा ना?"

"नाही सर. हा तुमचा."

मी डोळा काढला नाही. काढला असता तर त्यांच्याकडे बघावं लागलं असतं. त्यांनी दुसरी प्लेट सरकवली. "आणि ह्या पेशींवर नुसतं श्रीच्या बाटलीतलं पाणी टाकलंय. दुसरं काहीच नाही." तीही हिरवी.

मग सगळं लख्ख दिसलं. कधीतरी हिरव्याला पाणी देताना वापरलेला पिपेट मी घाईत पुन्हा बाटलीत बुडवला असणार. त्यातून दोन-चार हिरवे बाटलीत गेले, बाटलीतून माझ्या ब्रेकवाल्यात. ब्रेकवाला मुळात मंद. हिरवा चपळ. प्रत्येक खेपेला हिरवा पुढे, ब्रेकवाला मागे. तीन खेपांत माझा विषाणू नावापुरता उरला होता. उंदरांना ते टोचलं असतं तर गाठी हिरव्या झाल्या असत्या आणि तशाच वाढत राहिल्या असत्या. मग मुंबईने कळवलं असतं की नाशिकच्या ब्रेकमध्ये काही दम नाही, आणि त्या ब्रेकबरोबर मॅडमचा विषाणूही, सगळी लॅबही गुंडाळली गेली असती.

मी विचारलं, "तुम्हाला कसं सुचलं बघायचं?"

"एवढा भराभर वाढणारा आपल्याकडे एकच आहे, सर." मग प्लेट उचलत त्या म्हणाल्या, "पण ते नंतर. आधी मला तुमची युक्ती शोधायची होती. म्हणून मागितला. खरं सांगायचं तर आठ दिवस नुसती जळत होते मी."

वाचकहो, माझं वर्षभराचं काम, पुढचं पद आणि मुंबईची नवी बॅग, सगळं त्या हिरव्या उजेडात बुडालं होतं. पण त्या क्षणी माझ्या कानात फक्त शेवटचं वाक्य राहिलं. मी म्हटलं, "काय म्हणालात?"

"काही नाही. साहेबांना तुम्हीच सांगा, सर. मी सांगितलं तर चुगली होईल. तुम्ही सांगितलं तर शोध होईल."

मी सांगितलं. डॉ. कर्णिकांनी डार्करूममध्ये जाऊन दोन्ही प्लेट स्वतः बघितल्या. मग म्हणाले, "म्हणजे देवरे, मुंबईच्या उंदरांना आपण दिवाळीची रोषणाई पाठवत होतो." त्यानंतर जे बोलले ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. श्रीची बाटली त्यांनी माझ्याच हाताने ब्लीचमध्ये ओतायला लावली. ही गोष्ट कंपनीत इतकी पसरली की पुढे कुठल्याही कामात काही जादा चांगलं झालं की लोक म्हणायचे, "एकदा निळ्या दिव्याखाली बघून घ्या."

मॅडमचा विषाणू मुंबईला गेला. माझा, म्हणजे माझा खरा, फ्रीजरमध्ये गेला. काही महिन्यांनी मुंबईहून फोन आला. मॅडमचा विषाणू टोचलेल्या उंदरांच्या गाठी वाढायच्या थांबल्या होत्या, सगळ्यांच्या नाही, पण बऱ्याच. माणसांपर्यंत तो कधी पोचला नाही. काही वर्षांत मालकांनी हात आखडता घेतला आणि वरच्या मजल्यावर पुन्हा कोंबड्यांची लस आली. पण फोन आला त्या दिवशी लॅबमध्ये मॅडमना सगळ्यांनी घेरलं होतं, साहेबांनी त्यांच्या हातात हात दिला, आणि प्रमुख म्हणून त्यांचं नाव मी सगळ्यांच्या आधी, मोठ्याने जाहीर केलं, म्हणजे नंतर दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकावं लागू नये.

गर्दी पांगल्यावर मी त्यांना जिन्यात गाठलं. इकडचं तिकडचं बोललो. मग विचारलं, "मॅडम, त्या वेळी डार्करूममध्ये तुम्ही म्हणालात. खरंच जळत होतात?"

त्या हसल्या. "सर, जेवण जात नव्हतं. आईने डॉक्टरला दाखवलं होतं."

मी जिना दोन-दोन पायऱ्या टाकत उतरलो. घरी आलो, चप्पल काढली, मंदाने पाणी दिलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "काय झालं? खुशीत दिसताय. तुम्हाला केलं का प्रमुख?"

"नाही. त्यांचाच विषाणू चालला. त्याच प्रमुख."

"मग तुम्ही हरलात ना?"

"हरलो," मी म्हटलं, "पण त्या आठ दिवस जेवल्या नव्हत्या."